माळ्यावरची सासू

आमचे गुरुजी जन्मले तेव्हा रडायच्या आधी त्यांनी वर ‘विषय’ आणि खाली ‘संदर्भ’ लिहिला असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. या पृथ्वीतलावर ज्याला सरकारी अनुदान नाही अशी एकही वस्तू नाही, फक्त तिचा शासन निर्णय आपल्याला सापडलेला नसतो, असं त्यांचं ठाम मत आहे. सूर्य उगवतो तो कुठल्या तरी योजनेखाली, आणि पाऊस लांबला तर प्रस्तावात त्रुटी निघाली असणार. देवाला हात जोडतानासुद्धा ते मनातल्या मनात सत्यप्रत जोडत असावेत. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले, पण कागदानं त्यांना सोडलं नाही. मूळचे जामसरकडचे, आता खोडाळ्याला घर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पंच, टॅगचा गुंडाळा, एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं निळी असलेली पेन्सिल, आणि कायम तयार असलेले पासपोर्ट साइजचे चार फोटो. कोण कधी कुठल्या योजनेत बसेल सांगता येत नाही, म्हणून पिशवीत शेजारच्या दोन-तीन जणांचेही फोटो असतात.

मी त्यांच्या घरात शिरलो तो दरवाज्यानं नव्हे, छपरावरून. मी बीडकडचा. टीव्हीच्या डिश बसवायचं काम करत करत इकडे मोखाड्याच्या डोंगरात येऊन पडलो. डिशवाल्यानं उंचीला भिऊ नये असं म्हणतात. मी भितो. शिडी चढताना पायाखालची काळजी, वर पोचलो की कौलाची, आणि खाली उतरलो की आता पुढच्या घराचं छप्पर कसं असेल याची. गुरुजींच्या घरी मी अर्ध्या शिडीवर थांबलो, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि खालून विचारलं, “शिक्षण किती?”

“सातवी.”

“पास?”

“नाही. सुटली.”

“कशानं?”

“आई-बाप ऊसतोडीला जायचे. मी बरोबर. हजेरी भरंना.”

डिश बसली, चित्र आलं, मी पैसे घेऊन निघालो, तर म्हणाले, “डिशराव, पडवी रिकामी आहे. मोखाड्याला खोलीचं भाडं कशाला भरता?” त्या दिवसापासून मी त्यांच्या पडवीत राहतो. दोन वेळचं जेवण त्यांच्या चुलीवरचं. हे उपकार कसे फेडायचे, याची काळजी मला छपरावरसुद्धा सोडत नाही. एकदा तसं बोलून दाखवलं, तर गुरुजी म्हणाले, “परतफेडीची अट या योजनेत नाही.”

त्यांच्या योजनांचा इतिहास मी नंतर ऐकला, तो बाईंकडून. बाई म्हणजे गुरुजींची बायको. या घरात एकदा मधाच्या पेट्या आल्या होत्या. माशा आठवड्याभरात पेट्या सोडून जांभळीवर गेल्या. तपासणीचा फॉर्म आला, त्यात रकाना होता, ‘मधमाशा सध्या कोठे आहेत’. गुरुजींनी लिहिलं, ‘जंगलात, स्वखुशीने’. मग शेळ्या आल्या, दहा शेळ्या आणि एक बोकड. गुरुजी रोज सकाळी त्यांची हजेरी घ्यायचे. चार नंबर म्हटलं की चार नंबरच्या शेळीनं बघितलंच पाहिजे. नाही बघितलं तर तिच्यापुढं गैरहजर. बाई सांगतात की बोकड सोडून बाकीच्यांना नंबर पाठ झाले होते. बोकड शेवटपर्यंत कच्चा राहिला. “माझ्यासाठी पण एक योजना बघा म्हटलं होतं मी,” बाई भाकरी थापता थापता मला सांगत होत्या, “नवरा बदलून मिळायची.” आतून गुरुजींचा आवाज आला, “त्या योजनेचा लाभ एकदाच घेता येतो!”

टीव्ही बघताना मात्र गुरुजींच्या जवळ बसायची सोय नाही. मालिका लागली की त्यांची तपासणी सुरू. “सहाशे भाग झाले या बाईचे. हिच्या घरात भात शिजतो, पण सहाशे भागांत एकदाही कुणी भाताची रोपं लावायला, आवणीला गेलं नाही. मग तांदूळ येतो कुठून? आणि ही नेसून, नटून, बांगड्या भरून भांडी घासते, ते पाणी कुणी आणलं?” बाई म्हणायच्या, “नळ असेल तिच्याकडे.” गुरुजी म्हणायचे, “नळ आहे हे दाखवायला नको? नळ कुठल्या योजनेतून आला ते तरी दाखवावं!” मालिकेतल्या सासूनं सुनेच्या दुधात काही तरी कालवलं की बाईंचा हात तोंडाशी जायचा, आणि नेमकं तेव्हा गुरुजी विचारायचे, “दूध कुठल्या डेअरीचं?”

अशा माणसाला मोखाड्याच्या पंचायत समितीत कुणी तरी सांगितलं की आता टीव्हीच्या मालिका करणाऱ्यांनाही सरकार अनुदान देतंय, आणि दुर्गम तालुक्यात चित्रीकरण केलं तर जादा. मग काय होणार! गुरुजी जीपमधून उतरले ते धावतच. त्यांना धावताना खोडाळ्याच्या बाजारानं पहिल्यांदा बघितलं, लोकांना वाटलं कुणी तरी गेलं. कागद मीच छापून आणला. गुरुजींनी तो तीनदा वाचला, अटींखाली लाल रेघ आणि लाभाखाली निळी. तेरा भाग पाहिजेत. चित्रीकरण तालुक्याच्या हद्दीत पाहिजे. कलाकार स्थानिक पाहिजेत. प्रमुख पात्रं सगळ्या भागांत दिसली पाहिजेत. आणि सगळं एकतीस मार्चच्या आत. कागद लाल रेघांनी भरला. निळी रेघ एकच होती, शेवटच्या पानावर.

“डिशराव,” गुरुजी म्हणाले, “आपण मालिका काढायची.”

मी म्हटलं, “गुरुजी, शेळ्यांचं वेगळं होतं.”

तेव्हा ते जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. “शाळेत दिवाळीनंतर माझा वर्ग रिकामा व्हायचा. आई-बाप वीटभट्टीवर, पोरं त्यांच्या मागं. होळीला परत यायची. पस्तीस वर्षं दिवाळी ते होळी मी भिंतीला शिकवलं. भिंत हुशार झाली असेल, पोरं नाही झाली. एक मालिका धरली तर पाड्यावरच्या दहा-बारा घरांना वर्षभर इथंच काम. एवढीच दहा-बारा घरं दिवाळीनंतर इथं दिसली, तर माझं पेन्शन वसूल झालं.” माझ्या गावाकडं कुणा गुरुजींनी भिंतीला शिकवलं असेल का, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदाच आलं.

मालिकेचं नाव ठरलं ‘वरचा पाडा, खालचा पाडा’. सासू वरच्या पाड्याची, सून खालच्या. सासू झाली सोनीबाई. तिला निवडावी लागली नाही. गुरुजी पाड्यावर पोचले तेव्हा ती कुणाला तरी इतक्या मनापासून शिव्या देत होती की गुरुजींनी तिथंच पिशवीतून अर्ज काढला. सून झाली अंगणवाडीतली मदतनीस रखमी, आणि मुलगा झाला लहानू. शूटिंगला जव्हारचा लग्नांचे व्हिडिओ काढणारा माणूस आला. त्याचा हात फार चांगला, पण सवय लग्नाची. कुणीही कॅमेऱ्यासमोर आलं की तो म्हणायचा, “इकडं बघून हसा.” भांडणाच्या प्रसंगात तो मध्येच जेवणाच्या ताटांवर जायचा. दुसऱ्या भागात सुनेचा बाप वारतो, तिथं त्यानं वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. गुरुजी ओरडले, तर म्हणाला, “पॅकेजमध्येच येतात त्या.”

गुरुजींची सवयही काही कमी नव्हती. त्यांना ‘ॲक्शन’ म्हणवेना. ते म्हणायचे “सावधान!” आणि संपलं की “विश्राम!” पहिल्याच दिवशी ‘सावधान’ ऐकल्यावर सोनीबाई हात मांड्यांना चिकटवून ताठ उभी राहिली आणि त्याच अवस्थेत तिनं सुनेला घराबाहेर काढलं. गुरुजींनी समजावलं, सोनीबाई म्हणाली, “तूच शिकवला ना गुरुजी, आता तूच इसरतंस?” इकडच्या बोलीत मोठ्या माणसालाही तू म्हणतात, त्यात मान कमी होत नाही. शेवटी उलटं करायचं ठरलं. ‘विश्राम’ म्हटलं की भांडण सुरू, ‘सावधान’ म्हटलं की बंद. त्यानंतर मालिकेनं जो वेग घेतला! गणपतीपासून दिवाळीपर्यंत पाच भाग झाले. भात हिरवं होतं, पिवळं झालं, कापलं, खळ्यावर आलं, आणि सगळं भांडणाच्या मागं आपोआप दिसलं. आवणी मात्र राहिली. गुरुजींना तेवढी खंत आहे.

आणि दिवाळी आली. लाल रेघांच्या गर्दीत एक गोष्ट गुरुजींनी वाचून न वाचल्यासारखी केली होती. अनुदान मिळणार होतं ते तेरा भाग पुरे झाल्यावर. दिवाळीच्या चौथ्या दिवशी पाड्याच्या तोंडाशी भट्टीच्या मुकादमाचा टेम्पो उभा राहिला. सोनीबाईनं गोधडी, टोप, कोंबडीचा खुराडा वर टाकला. गुरुजी टेम्पोच्या फळीला धरून उभे.

“सोने, तू मालिकेची सासू आहेस! प्रमुख पात्र!”

“हाय ना. पण तुझा सरकार मार्चमदी देल. पोट आताच मागतंय.”

“अगं पण अटीत बसत नाही!”

“मी टेम्पोत बसली हाय गुरुजी,” सोनीबाई म्हणाली, “अटीत दुसरी कोण बसव.” सगळा टेम्पो हसला. लहानूही हसला, कारण तोही आत होता.

लहानूचं गुरुजींना काही वाटलं नाही. त्यांच्या अभ्यासानुसार मालिकेतल्या नवऱ्याला तसंही काही काम नसतं. आणि खरंच, लहानू गेला हे आजतागायत कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. पण सासूशिवाय मालिका म्हणजे आईशिवाय बारसं. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. भट्टीवर जाऊन शूटिंग करावं तर ती हद्दीबाहेर. दुसरी सासू आणावी तर पाड्यावर उरल्या होत्या त्या सगळ्या म्हाताऱ्या, आणि सोनीबाईसारखी शिवी एकीलाही येईना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत आले आणि मला उठवून म्हणाले, “सासू रुसली.”

“कुठली?”

“आपली. रुसून माळ्यावर जाऊन बसली. खाली यायला तयार नाही. आवाज येतो, माणूस दिसत नाही.”

आवाज येणार होता भट्टीवरून, फोनमधून. पण पाड्यावर रेंज येते फक्त समाजमंदिराच्या ओट्यावर. म्हणून गुरुजींनी मालिकेतलं घरच तिथं आणलं. बांबू बांधले, त्यावर माळा केला, पेंढा टाकला. ओट्यावरसुद्धा रेंज वाऱ्यासारखी, कधी या कोपऱ्यात, कधी त्या. मग मी डिशचा खांब आणला, त्याला फोन बांधला आणि माळ्यावर पेंढ्यात लपून रेंज सापडेल तिकडं खांब फिरवत बसलो. उंचीला भिणारा माणूस चार भाग माळ्यावर काढतो, हे अनुदानाच्या कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही. सोनीबाईला दुपारी जेवायची सुट्टी मिळायची तेवढीच. त्या वेळात ती फोन घ्यायची, मागं विटांचा आवाज, कुणाच्या तरी हाका. गुरुजी खालून हळूच “विश्राम” म्हणायचे.

“आत्याबाय, खाली या. भाकर खा,” रखमी म्हणायची.

“नाय येत. तुझ्या भाकरीला मीठ नाय!” वरून सोनीबाई.

असे दोन भाग झकास झाले. मध्येच ती म्हणायची, “थांब, मुकादम आला,” आणि रखमी प्रसंग न सोडता म्हणायची, “माळ्यावर कसला मुकादम आत्याबाय, उंदीर असल!” तिसऱ्या खेपेला मात्र सोनीबाई लिहिलेलं बोललीच नाही. तिनं विचारलं, “रखमे, माझी शेळी व्याली का गं?”

रखमीनं गुरुजींकडं बघितलं. मग रखमी वर बघून म्हणाली, “व्याली आत्याबाय. दोन करडं झाली.”

“दोन?”

“दोन. एक पांढरा हाय.”

“अन माझ्या घराचा दार कोणी उघडतंय का? बंद राहला का वाळवी लागतं.”

“मी उघडतंय. सांजचा उघडून झाडतंय.”

“बरं,” सोनीबाई म्हणाली. पुढं फक्त विटांचा आवाज येत राहिला. मी वर खांब धरून बसलो होतो, हात भरून आले होते, पण हलवायची छाती होईना. माझी आईपण उसाच्या फडावरून असंच विचारायची, फक्त तेव्हा आमच्याकडं विचारायला फोन नव्हता, ती आपली बैलाला विचारायची. शूटिंगवाला ताटांवर गेला नाही. पाकळ्याही पडल्या नाहीत. गुरुजी ‘सावधान’ म्हणायला विसरले, आणि तो प्रसंग सुट्टी संपल्याची हाक येईपर्यंत चालला.

होळीला टेम्पो परत आला. शेवटचे चार भाग गुरुजींनी होळी ते एकतीस मार्च या दिवसांत उरकले. दहाव्या भागात रुसवा संपतो आणि सासू माळ्यावरून खाली उतरते, असा प्रसंग होता. सोनीबाई शिडीवरून उतरली. वाळली होती, रंग रापलेला, हाताला घट्टे. शूटिंगवाला म्हणाला, “गुरुजी, घरात बसलेली बाई अशी कशी दिसेल? पावडर लावू.” गुरुजी म्हणाले, “नको. आहे तशी घ्या.” एकतीस तारखेला आम्ही फाइल घेऊन जीपनं निघालो. फाइल गुरुजींच्या मांडीवर, तिला भोकं नीट पडलीत का ते मी दर वळणावर तपासत होतो. कचेरी बंद व्हायच्या आत आवक क्रमांक मिळाला. गुरुजींनी त्या शिक्क्याकडं असं बघितलं, जसं कुणी नातवाकडं बघावं.

पावसाळ्यात उत्तर आलं. त्यात एकच त्रुटी होती. ‘भाग सहा ते नऊमध्ये प्रमुख पात्र, सासू, प्रत्यक्ष दिसत नाही. कारण कळवावे.’

त्रुटीचं पत्र आलं की गुरुजी खुलतात. ज्या दिवशी पत्र त्याच दिवशी उत्तर, हा त्यांचा नेम. पत्नीच्या आजारपणातही त्यांनी तो मोडला नव्हता, बाई ते अजून बोलून दाखवतात. पण हे पत्र त्यांनी चार दिवस पिशवीत ठेवलं. पाचव्या दिवशी पडवीत आले, माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “डिशराव, तुम्ही लिहा.”

“मी? गुरुजी, माझं शुद्धलेखन...”

“शुद्धलेखन मी बघतो. कारण तुम्ही लिहा. मला जे सुचतंय ते सगळं नियमाच्या भाषेत सुचतंय.”

माझ्यामुळं दहा-बारा घरांचं काम गेलं तर? मला आयुष्यात कुणीच कारण विचारलं नव्हतं. शाळेनं नाव काढलं तेव्हाही नाही. त्यामुळं कारण कसं लिहितात ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘महोदय, त्या दिवसांत सासू वीटभट्टीवर कामाला गेली होती. नाही गेली तर घरात खायला नसतं. ती दिवाळीनंतरही इथंच दिसावी, म्हणूनच हा अर्ज केला आहे.’ गुरुजींनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. लाल-निळी पेन्सिल पिशवीतून काढली आणि तशीच परत ठेवली. एकाही शब्दाला हात न लावता त्यांनी सही केली.

उत्तर अजून यायचं आहे. गुरुजी दर सोमवार-गुरुवार मोखाड्याला चौकशीला जातात. साहेब दौऱ्यावर असतात, नाही तर फाइल दौऱ्यावर असते. यंदाची दिवाळी झाली आणि टेम्पो पुन्हा पाड्याच्या तोंडाशी लागला. गुरुजी या वेळी फळीला धरायला गेले नाहीत, लांब आंब्याखाली उभे राहिले. मला वाटतं त्यांना बघवणार नव्हतं. सोनीबाई गोधडी घेऊन आली, टेम्पोत डोकावली आणि मुकादमाला म्हणाली, “शेवटची खेप कधी?”

“आठ दिसांनी. का?”

“मंग मी त्या खेपेला येतंय. सरकारचा कागद यायचा हाय. मी नसली त परत लिवतील, सासू दिसत नाय.”

मुकादम चिडला. “सरकार तुला काय देणार गं?”

“काय देल ते देल,” सोनीबाई म्हणाली, “इचारला तरी ना, कुठं हायस म्हणून. तू इचारतंस का?”

ती गोधडी घेऊन माघारी वळली. मग लहानूनंही आपलं बोचकं खाली घेतलं, त्याच्यामागं आणखी काही जणांनी. टेम्पो अर्धा रिकामा गेला.

आज त्यातला सहावा दिवस. कागद आलेला नाही, आणि मला विचाराल तर दोन दिवसांत यायची लक्षणंही नाहीत. हे मी गुरुजींना बोलत नाही, त्यांनाही ते माहीत आहे. दुपारी एक डिश दुरुस्त करायला मी पाड्यावरच्या छपरावर चढलो होतो. खाली अंगणात गुरुजी सोनीबाईला चौदावा भाग समजावून सांगत होते. तेराच पाहिजेत हे त्यांच्याइतकं पाठ कुणाला असणार? पण समजावत होते, आणि सोनीबाई वाद घालत होती. आमच्या गावाकडं या दिवसांत घराघराला कुलूप असतं. वरून मी मोजलं, पाड्यावर अकरा घरांतून धूर निघत होता. खाली उतरायचं सोडून मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो.